सतरा वर्षं थांबलेला ओंडका

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. शाळेचं स्नेहसंमेलन आहे. नाटकात तुम्हाला राजाची भूमिका मिळाली आहे. अंगात जरीचा अंगरखा आहे, मिशी रंगवून झाली आहे, सगळी वाक्यं तोंडपाठ आहेत. तुम्ही पडद्यामागे उभे आहात. आत्ता नाव पुकारतील, मग पुकारतील, म्हणून पाय अवघडले तरी तुम्ही खाली बसत नाही. असा एक तास जातो. एक दिवस जातो. एक वर्ष जातं. मिशी पुसट होते, अंगरखा विटतो, आणि तरीही तुमचं नाव कुणी पुकारत नाही. करता येते का कल्पना? येत नसेल तर राहू द्या. मला ती करावी लागत नाही, एवढंच.

मी एक जुना ओंडका आहे. ओक नावाच्या झाडाचा. दीड हात लांब, नारळाएवढा जाड, वजन सात किलो. पाठीवर एका ओळीत तीन भोकं आहेत. ती कशाची ते पुढे सांगतो. जरा सावकाश सांगेन. दमलेल्या माणसाला घाई करू नये, तसं दमलेल्या लाकडालाही करू नये.

माझा जन्म फार उत्तरेकडच्या एका जंगलात झाला. तिकडे हिवाळ्यात सूर्य कामचुकार पोरासारखा वागतो. उशिरा येतो, आल्यासारखं करतो आणि दुपार सरायच्या आत निघून जातो. डिसेंबरच्या एकवीस तारखेच्या सुमारास तर रात्र इतकी लांबते, की ती संपेल यावर विश्वास बसू नये. आज तुमच्याकडे भूगोलाचं पुस्तक आहे. पृथ्वी कललेली आहे, म्हणून असं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हजारो वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना ते कोण सांगणार? त्यांना वाटायचं, सूर्य आजारी पडला. म्हातारा झाला. आता तो परत येतो की नाही, कोण जाणे.

ही माणसं झाडांना, आगीला, सूर्यालाच देव मानायची. पुढे इतरांनी त्यांना 'पेगन' असं नाव दिलं. नावात काय आहे! ती घाबरलेली माणसं होती आणि घाबरलेल्या माणसांनी करावं तेच त्यांनी केलं. ती एकत्र आली. जी झाडं बर्फातही पान टाकत नाहीत, त्यांच्या हिरव्या फांद्या त्यांनी दाराला बांधल्या. हे बघा, सगळं मेलेलं नाही, असं स्वतःलाच सांगण्यासाठी. फांद्या वाकवून त्यांनी गोल कडी केली, कारण सूर्य म्हणजे आकाशातलं चाक, आणि चाक गेलं तरी फिरून येतं. माझ्या झाडाच्या शेंड्यावर एक बांडगूळ होतं. तुमच्याकडे बांडगूळ म्हटलं की माणसाला राग येतो. तिकडे मात्र ते शुभ मानायचे, कारण ओक हिवाळ्यात उघडाबोडका झाला तरी ते वर हिरवंगार लटकत असतं.

आणि ते जंगलातून एक जाडजूड ओंडका घरी आणायचे. सगळं घर त्याला ओढायला लागायचं, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. सर्वांत मोठ्या रात्री तो चुलीत घालायचा आणि तो जळत असेतो कुणी एकट्याने झोपायचं नाही. सूर्य दमला आहे ना, मग तोवर आपण थोडा उजेड धरून ठेवू, असा त्यांचा भोळा हिशोब. आम्हा ओकांच्या जातीत हा मोठा मान समजतात. वारा सुटला की आमची पानं एकमेकांना तेच सांगत असत. मी लहान फांदी होतो तेव्हापासून हेच ऐकत आलो.

मग एक दिवस करवत आली. आमच्यासारखे बारा जण कापले गेले. आम्हाला कागदात गुंडाळून लोखंडी पेटाऱ्यात भरलं. जहाज आठवडेच्या आठवडे हलत राहिलं. आपण कुणाच्या तरी मोठ्या रात्रीला निघालो आहोत, एवढंच मला कळत होतं. मी आनंदात होतो, हे कबूल करतो.

पेटारा उघडला तेव्हा बाहेर दुबई होती.

मित्रांनो, मला सांगा, जिथे डिसेंबरातही लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतात, तिथे ओंडक्याचं काय काम? सूर्य परत यावा म्हणून इथे कोण प्रार्थना करील? इथे तर तो वर्षातून चार महिने जरा बाजूला झाला, तर लोक त्याचे आभार मानतील. मला एका मोठ्या हॉटेलच्या दर्शनी दालनात ठेवलं. तिथे संगमरवराची शेकोटी होती. शेकोटी म्हणजे काय, नारिंगी रेशमाच्या चिंध्या, खाली छोटा पंखा आणि आत दिवा. पंखा फिरला की चिंध्या फडफडायच्या आणि लोक हात पुढे करून फोटो काढायचे. त्या खोट्या आगीशेजारी मी खराखुरा ओंडका पडून होतो. माझी तिला लाज वाटत होती की तिची मला, ते अजून ठरलेलं नाही.

तिथे मला ॲम्ब्रोज भेटला. वसईचा. हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलण्याचं काम करायचा. त्याची बायको जीन वसईलाच असायची, कारण तिकडे म्हातारी सासू, केळीची वाडी आणि प्रेस्टनचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, कॉलेज. एका संध्याकाळी पांढऱ्या केसांच्या एक पाहुण्या आजीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या माझ्याच देशाकडच्या असाव्यात. त्यांनी माझ्या सालीवरून हात फिरवला आणि ॲम्ब्रोजला ती सगळी गोष्ट सांगितली, फांद्यांची, कड्याची, ओंडक्याची.

"उद्या ती रात्र आहे," त्या म्हणाल्या. "उद्या याला पेटवणार ना तुम्ही?"

"मॅडम, इथे काडी ओढली तरी छतातून पाऊस पडेल," ॲम्ब्रोज नम्रपणे म्हणाला. "तो बघा, वर सेन्सर."

आजीबाई हसल्या नाहीत. "मग बिचाऱ्याला आणलंत कशाला?" असं म्हणून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला उचलायला सांगितलं. माझी साल सुटून संगमरवरावर कचरा पडत होता. कचऱ्याच्या डब्यापाशी मी पोचतो न पोचतो तोच ॲम्ब्रोजने मला खांद्यावर घेतलं. मागच्या फाटकाशी शाहबाज नावाचा पहारेकरी होता.

"ये क्या है?"

"लकडी है."

"वो तो दिख रहा है, भाई. गेट पास?"

"अरे, कचरे में जा रही थी, शाहबाज!"

"कचरे में जाती तो पास नहीं लगता. घर जा रही है, तो लगता है."

ॲम्ब्रोज परत आत गेला आणि पास करून आला. त्यावर लिहिलं होतं, 'लाकूड, एक नग, वापरलेलं.' वापरलेलं! मित्रांनो, मला वापरलं कुणी होतं?

अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ॲम्ब्रोजची खोली होती. बरोबर राहणारे दोघे कामावर गेले होते. त्याने मला जमिनीवर ठेवलं, छताकडे पाहिलं. तिथेही धूर ओळखणारी पांढरी वाटी होती. तो बराच वेळ तसाच बसला. मग उठून समोरच्या घराची घंटी वाजवली. तिथे पुण्याचे प्रकाश आणि शोभना राहायचे. प्रकाशकडून त्याने ड्रिल मशीन आणलं आणि माझ्या पाठीला तीन भोकं पाडली. आग नाही तर नाही, तीन मेणबत्त्या तरी लावू, असा त्याचा विचार. मला दुखलं नाही. अपमान मात्र झाला.

ड्रिलच्या आवाजाने शेजारच्या कुबराखाला तावातावाने बाहेर आल्या. खाला म्हणजे मावशी. त्या इराणच्या. नवरा इथे सुक्या मेव्याचा व्यापार करायचा. भांडायला आल्या आणि दारात मेणबत्त्या बघून थबकल्या.

"आज की रात तुमको किसने बताया?" त्यांनी विचारलं.

मग कळलं की ही रात्र त्यांचीही होती. त्यांच्याकडे तिला यल्दा म्हणतात. फार जुनी चाल, त्यांच्या आजच्या धर्माच्याही आधीची. सगळ्यांनी जमायचं, डाळिंबं फोडायची, टरबूज कापायचं, जुन्या कविता वाचायच्या आणि रात्र सरेपर्यंत बसून राहायचं. डाळिंबाचा लाल रंग म्हणजे पहाटेचा रंग. नवरा प्रवासाला गेला होता, म्हणून त्या वर्षी त्या एकट्याच डाळिंब सोलत बसल्या होत्या. त्या वाडगं घेऊन आल्या. मागोमाग ड्रिल परत मागायला आलेला प्रकाशही बसला आणि त्याला शोधायला आलेली शोभनाही.

"अहो, हे तर आपलं उत्तरायण!" शोभना म्हणाली. "उद्यापासून दिवस मोठा व्हायला लागतो. आपण संक्रांत जानेवारीत करतो, पण सूर्य वळतो तो आताच."

"टेक्निकली करेक्ट," प्रकाश म्हणाला. त्याला कुठलीही गोष्ट टेक्निकली करेक्ट असल्याशिवाय आवडत नसे.

तेव्हापासून दर वर्षी एकवीस डिसेंबरला तिसरा मजला माझ्याभोवती जमू लागला. डाळिंब, टरबूज, तिळाच्या वड्या, ॲम्ब्रोजने केलेला केक. प्रेस्टन मोठा झाला, इथे नोकरीला आला. बरोबरचे दोघे दुसरीकडे राहायला गेले आणि घर ॲम्ब्रोजच्या कुटुंबाचं झालं. प्रेस्टनचं नादियाशी लग्न झालं. त्याला सुरुवातीला माझी भीती वाटायची. "डॅडी, हे पेगन आहे. चर्चमध्ये कळलं तर?"

ॲम्ब्रोजने सरळ जाऊन फादरनाच विचारलं. फादर म्हणाले, "येशूबाळाच्या जन्माआधीही माणसांना अंधार होताच की रे." झालं. मी घरचा झालो. ख्रिसमसच्या देखाव्यातल्या गोठ्यात मेंढपाळांच्या मागे डोंगर म्हणूनही मला बसवायला लागले.

पण मित्रांनो, कौतुकाचा एक दिवस आणि उरलेले तीनशे चौसष्ट. त्या दिवसांत मी काय काय केलं, ऐका. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी अडसर झालो. चपलांच्या कपाटाचा पाय मोडला तेव्हा त्याचा पाय झालो. माझ्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, इस्त्री ठेवली, एकदा गरम कुकर ठेवला. साल फारच सुटू लागली तेव्हा ॲम्ब्रोजने मला व्हार्निश लावलं. मायेनेच लावलं. दर दोन वर्षांनी तो एक हात नवा द्यायचा आणि लांबून बघून म्हणायचा, "आता कसा राजबिंडा दिसतो!" जळण्यासाठी जन्मलेल्या लाकडाला जपून जपून त्याने फर्निचर करून टाकलं. मला राग येत नसे. राग यायलाही अंगात थोडा ओलावा लागतो. एसीच्या कोरड्या हवेत मी आतून चिरत गेलो होतो आणि वरून चकाकत होतो. दर वर्षी मेणबत्त्या माझ्या पाठीवर जळून संपायच्या. आग इतक्या जवळ यायची, की तिची ऊब लागायची. आणि विझायची.

या सगळ्यात ऑड्री जन्मली. प्रेस्टनची मुलगी, ॲम्ब्रोजची नात. आता ती नऊ वर्षांची आहे आणि ऊद मेथाच्या शाळेत जाते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. ती चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, हा ओंडका कशाला? तेव्हा ॲम्ब्रोजने तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "हा असतो म्हणून रात्र संपते, बाय. आपण याच्यावर दिवे लावतो, मग सूर्याला वाट दिसते आणि उद्या उजाडतं." लहान मुलांना आपण असं काही सांगतो आणि विसरून जातो. मुलं विसरत नाहीत.

या वर्षी मालकाची नोटीस आली. इमारत जुनी झाली, वर्षअखेर रिकामी करा. प्रेस्टनने दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये लहानसं घर घेतलं. प्रकाश-शोभनांनाही तिकडेच जवळ जागा मिळाली. कुबराखालांना मुलगा शारजाला नेणार होता. आणि ॲम्ब्रोजची नोकरी संपत आली होती, व्हिसाही. एकतीस वर्षांनी तो कायमचा वसईला निघाला. तिकीट बावीस डिसेंबरचं.

"त्या लाकडाला बॅगेत घालून आणू नकोस हां!" जीनने फोनवरच्या चित्रातून बजावलं. "वाडीत लाकडं काय कमी आहेत?"

"नाही गं. कस्टमवाले विचारतील हे काय, तर काय सांगू? सूर्य आहे म्हणून?"

त्याच संध्याकाळी त्याने प्रकाशला सांगितलं, "प्रकाशराव, यंदा आपण याला खरंच पेटवू या. वाळवंटात जाऊन. सतरा वर्षं ताटकळत ठेवलं मी बिचाऱ्याला."

मी ते ऐकलं. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडलो असतो. एवढं आयुष्य गेलं आणि शेवटी माझं नाव पुकारलं गेलं.

"पण आधी व्हार्निश काढा, ॲम्ब्रोजभाऊ," प्रकाश म्हणाला. "ते जाळलं तर धुराने सगळ्यांचे डोळे जातील. आणि डायरेक्ट वाळूवर नाही पेटवायचं, अलाउड नाही. माझी बार्बेक्यूची शेगडी घेऊ."

तीन दिवस रोज संध्याकाळी ॲम्ब्रोज बाल्कनीत पॉलिशपेपर घेऊन मला घासत होता. एकेक वर्ष माझ्या अंगावरून भुकटी होऊन गळत होतं. ऑड्री दारात उभी राहून बघत होती.

"ग्रँपा, व्हाय आर यू टेकिंग ऑफ हिज शाईन?"

"त्याला पेटवायचंय, बाय. रविवारी."

"अँड देन?"

"मग काय, सोमवारी दुपारची माझी फ्लाइट."

तिच्या डोळ्यांत काहीतरी जुळताना मी पाहिलं. ओंडका नाही, तर दिवे नाहीत. दिवे नाहीत, तर सूर्याला वाट नाही. वाट नाही, तर सोमवार नाही. आणि सोमवार नाही, तर फ्लाइट नाही.

शनिवारी दुपारी ॲम्ब्रोजचा डोळा लागला होता. ऑड्रीने एक चादर आणली, मला लोटून तीवर घेतलं आणि ओढत ओढत तिच्या खोलीत नेलं. किती दमली पोरगी! नवीन घरी जाणाऱ्या खोक्यांतल्या एकावर 'ऑड्री, पुस्तकं' असं लिहिलेलं होतं. तिने पुस्तकं काढली, मला आडवं घातलं आणि माझ्यावर नकाशांचं पुस्तक, शब्दकोश आणि कापडी अस्वल ठेवलं. झाकण लावण्याआधी ती खाली वाकून कुजबुजली, "आय नो इट्स स्टुपिड. बट जस्ट इन केस."

मी काय करणार होतो? मला तोंड नाही. असतं तरी कुणाच्या बाजूने उघडलं असतं, सांगता येत नाही. मला जळायचं होतं. तिला आजोबा हवा होता. दोघांची मागणी सरळ होती आणि दोन्ही एकत्र पुऱ्या होणाऱ्या नव्हत्या.

रविवारी शोध सुरू झाला. बाल्कनी, मोरी, पलंगाखाली, जिन्याखाली.

"काल ते भंगारवाले आले होते ना, डॅडी," नादिया म्हणाली. "त्यांनी तर नसेल नेला?"

"यल्ला डॅडी, चला, लेट होतंय," प्रेस्टनने किल्ल्या खुळखुळवल्या. "पंपावर लाकडाची जुडी मिळते, ती घेऊ. वीस दिरहॅम. पाचशे रुपयांच्या आत."

ॲम्ब्रोज पलंगाच्या कडेवर बसला. ऑड्री बुटांच्या नाड्या बांधत होती, बराच वेळ. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. विचारलं काही नाही. "खलास," तो हळूच म्हणाला आणि उठला.

जाता जाता शेवटची खोकी नव्या घरी टाकायची होती, म्हणून ती गाडीच्या मागच्या बाजूला भरली. त्यांत मीही होतो. सिलिकॉन ओएसिसला पोचायला उशीर झाला, तेव्हा प्रेस्टन म्हणाला, खोकी परतताना उतरवू, सूर्य बुडायच्या आत पोचू या. म्हणून मीही वाळवंटात आलो.

गाडीचं मागचं दार उघडंच होतं. खोक्याच्या हात घालायच्या भोकातून मला लाल वाळू दिसत होती. शेगडीत पंपावरची जुडी तडतडत होती. कुबराखालांनी गुडघे धरत चटईवर बसकण मारली आणि डाळिंब फोडलं. शोभनाने डबा उघडला. सूर्य बुडाला. नेहमी याच वेळी ॲम्ब्रोज गोष्ट सांगायला लागायचा. आज तो गप्प होता.

"ग्रँपा, स्टोरी?" प्रकाशने मुद्दाम ऑड्रीसारखा आवाज काढला.

"ओंडका नाही, तर कसली स्टोरी," ॲम्ब्रोज म्हणाला.

थोड्या वेळाने ऑड्रीचा आवाज आला. "ग्रँपा, इफ देअर इज नो लॉग... विल द सन स्टिल कम?"

"येईल."

"शुअर?"

"शंभर टक्के."

"टेक्निकली..." प्रकाशने सुरुवात केली आणि शोभनाने त्याच्या तोंडात वडी कोंबली.

"देन यू लाइड टू मी," ऑड्री म्हणाली. "देन व्हॉट इज इट फॉर?"

ॲम्ब्रोजने शेगडीत एक काटकी सरकवली. लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"सूर्यासाठी नसतंच ते, बाय," तो म्हणाला. "सूर्य त्याचा तो येतो. तेव्हाच्या लोकांनाही आत कुठेतरी ठाऊक असेल. पण रात्र मोठी असली की माणूस एकटा पडतो. ओंडका घरी आणला, त्या रात्री मी भिंतीकडे बघत बसलो होतो. मला वाटलं होतं, उद्याच नोकरी सोडून जावं. मग ड्रिल वाजलं आणि ही कुबराखाला भांडायला आली."

"मैं भांडने नहीं आयी थी," कुबराखालांना तेवढं मराठी येत होतं. "मैं पूछने आयी थी, जोर से." मग त्या ऑड्रीकडे वळल्या. "बेटा, रात से लडते नहीं. रात के साथ बैठते हैं. बस, अकेले नहीं बैठते."

"व्हॉट डज ग्रँमा डू?" ऑड्रीने विचारलं. "टुडे. इन वसई."

"आजी?" ॲम्ब्रोजने काडीने वाळूवर रेघ ओढली. "काय करणार. दार लावून घेते, रेडिओ लावते. एकतीस वर्षं झाली. आपल्याकडे निदान ओंडका तरी होता."

मग वाळूवरून लहान पावलांचा आवाज जवळ आला. अस्वल बाजूला झालं, शब्दकोश बाजूला झाला, आणि माझ्यावर आकाश आलं. इतके तारे मी जंगल सोडल्यापासून पाहिले नव्हते. ऑड्रीने खोकं आडवं केलं आणि मला वाळूवर घरंगळू दिलं.

तिच्या मागे ॲम्ब्रोज येऊन उभा होता. त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"तू म्हणशील तसं, बाय," तो म्हणाला. "नको असेल तर नाही पेटवायचा. तुझ्या खोलीत राहू दे. मी काही बोलणार नाही."

मित्रांनो, या क्षणी मी वाळूवर पडून आहे आणि ती विचार करते आहे. तेवढ्या वेळात माझं एक मागणं तुमच्या कानावर घालतो. घरातल्या वस्तू जपा, जरूर जपा. फेकू नका, तोडू नका. पण कधीतरी त्यांना विचारा, की तुला कशासाठी केलं होतं? वही लिहिण्यासाठी असते, पतंग उडवण्यासाठी, चांगले कपडे घालण्यासाठी. नुसतं जपणं म्हणजे माया नव्हे. मी सतरा वर्षं जपला गेलो आणि फार फार थकलो. माणसांचंही असंच काहीसं असेल, पण ते तुम्ही मोठे झाल्यावर बघा. मी लाकूड आहे. मला लाकडापुरतं कळतं.

ऑड्रीने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं.

"फ्लाइट किती वाजता आहे?" तिने चक्क मराठीत विचारलं. गेले पंधरा दिवस घरात कुणी हे बोलू लागलं, की ती कानांवर हात ठेवायची.

"दीड वाजता."

"ओके," ती म्हणाली. मग ती गुडघ्यांवर बसली, माझं एक टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि आजोबाकडे बघून म्हणाली, "यू टेक दॅट साईड, ग्रँपा. ही इज हेवी. रेडी? वन, टू..."